ऑस्ट्रेलियात १ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन एज्ड केअर (वृद्धांची देखभाल) कायदा, छोट्या होमने तयारी कुठून सुरू करायची?

डँडेनाँगची_ताई

नमस्कार मंडळी, इथे एज्ड केअरमधे काम करणारे बरेच मराठी आहेत म्हणून विचारतेय. मी मेलबर्नमधल्या वृद्धांच्या एका छोट्या होममधे क्वालिटी कोऑर्डिनेटर आहे, ४२ बेड, मोठ्या ग्रुपचं होम नाही, बोर्डावर निवृत्त मंडळी, मनाने चांगली आहेत पण कायद्याचं नाव काढलं की माझ्याकडेच बघतात. नवीन कायदा आधी १ जुलैला लागू होणार होता, मग जूनमधे कळलं की १ नोव्हेंबर २०२५, तेव्हा सगळ्यांनी हुश्श केलं आणि फायली कपाटात गेल्या. आता सप्टेंबर उजाडला.

मॅनेजरने एका कन्सल्टंटकडून पॉलिसीचा तयार सेट विकत घेतलाय, दीडशे पानं, त्यात दोन ठिकाणी दुसऱ्याच होमचं नाव तसंच राहिलंय. मला सांगितलंय की सगळ्या स्टाफच्या सह्या घेऊन टाक. सह्या काय, दोन दिवसात होतील. पण परवा रात्रपाळीच्या एका केअररला सहज विचारलं की स्टेटमेंट ऑफ राइट्स (नवीन कायद्यातली वृद्धांच्या हक्कांची यादी) म्हणजे काय गं, तर म्हणाली ते लिफ्टजवळचं पोस्टर ना? तिची चूक नाही, तिच्यासोबत बसून कुणी सांगितलंच नाही, ती येते रात्री दहाला आणि ट्रेनिंग असतं दुपारी दोनला.

माझ्याकडे आठवड्याचे तीनच दिवस आहेत. दर्जाची जुनी आठ स्टँडर्ड्स जाऊन सात आलीत, त्यांचं मॅपिंग (जुन्यातलं काय नव्यात कुठे गेलं) करत बसू, का ट्रेनिंग घेऊ, का केअर प्लॅन तपासू? आधी काय धरू?

पॅरामाटाकर

ताई, आधी थोडा श्वास घ्या. मी सिडनीत तीन होम्सचं हेच काम बघतो. रजिस्ट्रेशनची काळजी सध्या बाजूला ठेवा, चालू प्रोव्हायडर (सेवा देणाऱ्या संस्था) आपोआप नवीन कॅटेगरीत जाणार आहेत, तुमची कॅटेगरी ६ म्हणजे रेसिडेन्शियल, तिथे सातही स्टँडर्ड्स लागू. मॅपिंगचा एक्सेल तक्ता मीपण केला होता मागच्या वर्षी, तीन आठवडे गेले, आणि खरं सांगतो तो तक्ता कुणी उघडून बघितला नाही. त्यापेक्षा एक रेसिडेंट घ्या आणि तिच्या एका दिवसाच्या मागे मागे जा, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, हातात केअर प्लॅन. सातही स्टँडर्ड्स त्या एका दिवसात भेटतात.

आमच्याकडचं सांगतो. एक आजी होत्या, आपल्याकडच्याच, डिमेन्शिया, इंग्रजी जवळपास गेलेलं. केअर प्लॅनमधे लिहिलेलं की जेवायला पूर्ण मदत लागते, चमचा नाकारतात. म्हणून केअरर चमच्याने भरवायची, आजी तोंड घट्ट मिटून घ्यायच्या, वजन उतरत चाललेलं, सप्लिमेंट ड्रिंक चालू केलेलं. पुण्याहून मुलगी आली तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की आई जन्मभर हातानेच जेवली, चमचा कुणी तोंडाशी आणला की तिला वाटतं औषध पाजतायत. मग आम्ही जेवणाआधी कोमट पाण्याचं भांडं ठेवायला लागलो हात धुवायला, काठ असलेली ताटली, आणि भात आमटीत मऊ कालवून. स्वतःच्या हाताने अर्धी ताटली संपवली हो त्यांनी! सांडलं थोडं, सांडू दे. त्या एका ओळीत स्टँडर्ड १ होतं (माणूस, त्याची ओळख, त्याची निवड), ५ होतं कारण वजनाचा प्रश्न क्लिनिकल आहे, आणि ६ तर जेवणाचंच आहे. आणि केअर प्लॅनवर सगळ्यांच्या सह्या होत्या बरं का.

असे पाच रेसिडेंट करा, वेगवेगळ्या विंगमधले. जे सापडेल तीच तुमची कामाची यादी. असेसर (सरकारी तपासनीस) येतात तेव्हा तेपण रेसिडेंटशी आणि केअररशीच बोलतात, कपाटातल्या फायलीशी नाही. आणि त्या दुसऱ्या होमच्या नावाची पानं आजच काढा, असेसरच्या हातात ते पान पडलं तर पुढचं सगळं तो संशयाने वाचेल.

रातपाळी_आरएन

ताई तुमच्या त्या रात्रपाळीच्या केअररबद्दल वाचून थांबले, कारण मी तिच्याच पाळीतली आहे, अ‍ॅडलेडला. कृपा करून दुपारी दोनचं ट्रेनिंग रात्रपाळीवर लादू नका, त्या बायका सकाळी घरी जाऊन मुलांचे डबे करून झोपलेल्या असतात. आमच्याकडे पाळी बदलतानाचा हँडओव्हर झाला की दहा मिनिटं, आठवड्याला एकच विषय, उभ्याउभ्या. मी पाठ करून घेत नाही, प्रसंग विचारते. रात्री दोनला मिस्टर अमुक म्हणतात मला आत्ता चहा पाहिजे, तू काय करशील? त्यांनी अंघोळीला नाही म्हटलं तर? मग हक्क म्हणजे काय ते त्यांचं त्यांनाच कळतं.

दोन गोष्टी मात्र पहिल्या महिन्यातच घ्या. एक एसआयआरएस, म्हणजे गंभीर घटना कळवायची योजना. हे २०२१ पासूनच आहे, तरी अजून गोंधळ आहे. प्रायॉरिटी १ म्हणजे जास्त गंभीर घटना, २४ तासांत कमिशनला (एज्ड केअरवर देखरेख करणारी सरकारी संस्था) कळवायचं, प्रायॉरिटी २ ला ३० दिवस, पण ती २४ तासांची वेळ कुणाला कळल्यापासून मोजायची हे लोकांना कळत नाही, मॅनेजर सोमवारी आल्यावर बघू असं चालत नाही. शनिवारी रात्री कुणाला फोन करायचा ते नाव आणि नंबर नर्सेस स्टेशनवर चिकटवा.

दुसरं व्हिसलब्लोअर, म्हणजे गैरप्रकार सांगणाऱ्याचं संरक्षण, हे नवीन आहे आणि याकडे फार कमी लोक बघतायत. आता कुणी रेसिडेंटने, नातेवाइकाने किंवा कामावरच्याने गैरप्रकार सांगितला, अगदी तोंडी, अगदी नाव न सांगता, आणि तो मॅनेजरला नाही तर साध्या केअररला सांगितला, तरी त्याला संरक्षण आहे. म्हणजे प्रत्येक केअररला माहीत पाहिजे की ऐकल्यावर काय करायचं आणि नाव कुणालाही फोडायचं नाही. मी पूर्वी एका ठिकाणी होते तिथे एका मुलीने तक्रार केली आणि पुढच्या रोस्टरमधे तिच्या शिफ्ट्स पाचाच्या दोन झाल्या. ती शेवटी सोडून गेली. चांगली होती हो कामाला, आजोबा लोक तिचं नाव घेऊन विचारायचे. म्हणून मला ही तरतूद मनापासून महत्त्वाची वाटते. बोर्डालाही हे सांगा, नवीन कायद्यात बोर्डासारख्या जबाबदार व्यक्तींवर स्वतंत्र कर्तव्य आहे, कोऑर्डिनेटरकडे बघून चालणार नाही.

ब्रिस्बेनचा_दादा

मी नोकरीला नाही, मुलगा म्हणून लिहितोय, आई दोन वर्षं होममधे आहे. प्रोव्हायडर लोकांनी नातेवाइकांची तयारीपण करून घ्या प्लीज. आत्तापर्यंत माझं असं होतं की आईला काय विचारता, मला विचारा. आता रजिस्टर्ड सपोर्टर असा प्रकार येतोय, म्हणजे मी आईला निर्णय घ्यायला मदत करायची, समजावून सांगायचं, माहिती मिळवून द्यायची, पण निर्णय तिचा. (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, गार्डियन हे वेगळं, ते राज्याच्या कायद्याने चालतं.) आमच्या होममधल्या नर्सने मला बसवून हे अर्धा तास समजावलं तेव्हा आधी राग आला होता, वाटलं परकी माणसं मला माझ्या आईबद्दल सांगतायत. मग तिने माझ्यासमोर आईला विचारलं, दुपारी हॉलमधे बसायला आवडतं का. आई नाही म्हणाली, आवाज फार असतो म्हणे. दोन वर्षं मी आग्रहाने तिला तिथे बसवत होतो, एकटी पडू नये म्हणून.

आपल्या लोकांना पत्र पाठवून हे कळणार नाही, समोर बसून सांगा. भाषेची अडचण असेल तर मुलालाच दुभाषा करू नका, सरकारी दुभाषा सेवा आहे ती वापरा, मुलगा आपल्याला हवं तेवढंच सांगतो, मी तेच करायचो.

घरपोच_सेवा

घरी सेवा देणारे कुणी वाचत असतील तर थोडक्यात: होम केअर पॅकेज (घरच्या सेवेसाठी सरकारी मदत) १ नोव्हेंबरला नवीन योजनेत, म्हणजे सपोर्ट अ‍ॅट होममधे जातंय, चारच्या जागी आठ क्लासिफिकेशन (गरजेप्रमाणे पायऱ्या), बजेट तिमाहीचं, त्यातलं १० टक्के केअर मॅनेजमेंटला. क्लिनिकल सेवेला क्लायंटकडून काही घ्यायचं नाही, पण साफसफाईसारख्या बाकीच्या सेवांना वाटा येऊ शकतो. १२ सप्टेंबर २०२४ ला जे पॅकेजवर होते किंवा मंजूर होऊन रांगेत होते त्यांचं नुकसान होऊ नये अशी वेगळी सोय आहे, त्यामुळे प्रत्येक क्लायंटची ती तारीख आधी तपासा. नवीन अ‍ॅग्रीमेंट ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सह्यांना नेऊ नका. एका आजोबांना आमचे तीन फेरे लागले, तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली आणि दोन चुका काढून दिल्या.

डँडेनाँगची_ताई

सगळ्यांना मनापासून थँक्यू. पॅरामाटाकर तुमचं वाचून काल एका रेसिडेंटबरोबर सकाळपासून राहिले, ८९ वर्षांच्या इटालियन आजी. केअर प्लॅन म्हणतो सकाळी साडेसहाला शॉवर. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, मी आयुष्यभर बेकरीत काम केलं, रात्री पीठ धुऊन काढल्याशिवाय झोप यायची नाही, मला रात्रीच अंघोळ पाहिजे. चार वर्षं झाली त्यांना इथे येऊन. दुपारी रोस्टर घेऊन बसले, संध्याकाळच्या पाळीत वीस मिनिटं निघतायत. मॅनेजरला सांगितलंय की सह्या नंतर, आधी हे बदलूया. गुरुवारी रात्री दहाला हँडओव्हरला थांबणार आहे, पहिला प्रसंग याच आजींचा घेते. रातपाळी ताई, दहा मिनिटांत प्रश्न किती विचारता, एक का दोन?

रातपाळी_आरएन

एकच. आणि उत्तर आधी सगळ्यात नवीन मुलीला द्यायला सांगा, जुन्या बोलल्या की ती बोलत नाही.