तीन वर्षांत पैसे फिटले म्हणजे मशीन परवडलं? एनपीव्हीवरून वाद

चिपळूणची सीए

परवा ‘वर्कशॉपवाला’ यांनी लिहिलं होतं: “मशीन घेताना एनपीव्ही (पुढे येणाऱ्या पैशांची आजची किंमत वजा आज मोजलेले पैसे), आयआरआर (गुंतवणुकीवर वर्षाला पडणारा परतावा) असलं काही बघू नका. ते कॉलेजात शोभतं. पैसे तीन वर्षांत फिटले तर घ्या, नाहीतर सोडा. जुनं व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) १५ लाखाला, अजून चार वर्षं चालेल, वर्षाला ५ लाख सुटतात, तीन वर्षांत मोकळे. नवीन ४० लाखाला, वर्षाला १० लाख, म्हणजे चार वर्षं. जुनं घ्या. हिशेब संपला.”

खाली नुसती वाहवा. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या कारखानदारांनी याच हिशेबावर मशिनं घेतली आहेत आणि पाचव्या वर्षी ‘पैसा गेला कुठे’ म्हणून बॅलन्स शीट घेऊन समोर बसतात.

हिशेब संपलेला नाही, तिसऱ्या वर्षी तुम्ही तो बघायचं सोडलंत. जुनं मशीन आणखी चार वर्षं चालेल असं तुम्हीच म्हणता. उद्याचा रुपया आजच्यापेक्षा स्वस्त, म्हणून १४ टक्के दर धरून दर वर्षामागे १.१४ ने भागायचं. तसं केलं की वर्षाला ५ लाख, चार वर्षं, यांची आजची किंमत १४ लाख ५७ हजार. मोजलेत १५ लाख. म्हणजे उणे ४३ हजार. नवीन मशीन दहा वर्षं चालेल, १० लाखांप्रमाणे आजची किंमत ५२ लाख १६ हजार. ४० वजा केले की १२ लाख १६ हजार शिल्लक. जे तीन वर्षांत ‘मोकळं’ करतं ते तुम्हाला गरीब करतंय, आणि जे तुम्ही सोडायला सांगताय ते पोसतंय.

१४ का, तर कर्ज ११ च्या आसपास मिळतं आणि स्वतःचा पैसा कर्जाहून महाग धरावा लागतो, कारण धंदा बसला तर आधी तोच बुडतो. घरचा पैसा फुकट असतो ही समजूत डोक्यातून काढा. कर आणि घसारा मी दोन्हीकडे बाजूला ठेवलाय.

वर्कशॉपवाला

ताई, कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत २२ वर्षं काढली मी. जुन्या मशीनचं चार वर्षांनी काय होतं ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून तुमचं गणित चुकलं. ते भंगारात जात नाही. स्पिंडल करून घेतला, रंग मारला की २ लाखाला कोणीही उचलतो. मी तीन विकली आहेत. तुमच्या कागदावर ते कुठाय?

आणि दहा वर्षं काम मिळणार हे कोणी लिहून दिलंय तुम्हाला? मी २०१८ ला नवीन मशीन घेतलं. २०१९ ला गाड्यांचा बाजार बसला, ऑगस्टात पूर आला, पुढच्या मार्चला लॉकडाऊन. हप्ते पुढे ढकलले तरी व्याज चढतच होतं. तेव्हा मला तारलं ते कोपऱ्यातल्या जुन्या, फिटलेल्या मशीनने. तीन वर्षांच्या पुढचं मला दिसत नाही, म्हणून मी तीन वर्षांपुरतं बघतो. यात अडाणीपणा काय आहे?

चिपळूणची सीए

विक्रीचे २ लाख मी धरले नव्हते, ती माझी चूक. चौथ्या वर्षाच्या २ लाखांचे आजचे १ लाख १८ हजार. उण्याचं अधिक झालं, ७५ हजार. मान्य.

पण मग नवीन मशीनही दहा वर्षांनी विकलं जाईल, तेही धरा. आणि ७५ हजार कुठे, १२ लाख कुठे? रुपयामागे काढलं तरी जुन्यात ५ पैसे आणि नव्यात ३०.

पुढचं दिसत नाही हे खरं. पण त्यावर उपाय म्हणजे दर वाढवून बघणं, काम घटवून बघणं. नवीन मशीनवर वर्षाला १० ऐवजी ७ लाख ६७ हजार सुटले तरी बरोबरीत सुटता. म्हणजे जवळपास पावपट काम गेलं तरी बुडत नाही. ही गोष्ट तुमच्या तीन वर्षांच्या नियमातून कधीच कळली नसती.

निवृत्त शाखाधिकारी

मी ३४ वर्षं कर्जं मंजूर केली. ताईंचं गणित बरोबर आहे आणि वर्कशॉपवाल्यांची भीतीही खरी आहे. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत.

४० लाखांत ३० लाख कर्ज, ११ टक्के, पाच वर्षं. हप्ता महिना ६५ हजार २००, म्हणजे वर्षाला ७ लाख ८३ हजार. १० लाख सुटतात म्हणता, म्हणजे डीएससीआर (वर्षाला सुटणारे पैसे भागिले वर्षाचे हप्ते) १.२८. आम्ही दीडच्या आसपास बघायचो. आता ताईंचे ७ लाख ६७ हजार घ्या. एनपीव्ही शून्य, कागदावर कोणी बुडालेलं नाही, पण हप्ता तुटतोय. खातं एनपीए (थकीत) होतं ते हप्त्याने, एनपीव्हीने नाही. दहा वर्षांत फायदा देणारं मशीन दुसऱ्या वर्षी बँकेने ओढून नेलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

एक आणखी. प्रोजेक्ट रिपोर्टमधले आकडे उलटे बनवलेले असतात. आधी हवा तो डीएससीआर ठरतो, मग विक्री त्यात बसवली जाते. एनपीव्हीचंही तसंच करता येतं. हे सीए मंडळींनी मान्य करावं.

चिपळूणची सीए

काही करतात. मी करत नाही, आणि माझ्या नावावर ते ढकलू नका. हप्त्याचा मुद्दा मात्र बरोबर. त्यासाठी मुदत सात वर्षांची घ्यावी, मशीन सोडू नये.

इचलकरंजीचा माग

तुम्ही सगळे ‘वर्षाला १० लाख येतात’ असं म्हणताय. येतात कधी ते कोणी बोलेना. आमच्यात सगळं मरण तिथेच आहे.

२०१८ ला एक कोटीचे रॅपिअर माग घेतले. टफमधून (केंद्राची कापड उद्योगाच्या आधुनिकीकरणाची योजना) १० टक्के सबसिडी, म्हणजे १० लाख. रिपोर्ट करणाऱ्याने ते पहिल्याच वर्षात धरले. हातात पडले चार वर्षांनी, तेही तपासणीला दोनदा माणसं येऊन गेल्यावर. ताईंच्या १४ टक्क्यांनी चार वर्षांनंतरच्या १० लाखांचे किती होतात? ५ लाख ९२ हजार. चार लाख कुठे हरवले? कुणी खाल्ले नाहीत, नुसत्या तारखेनं खाल्ले.

आणि कापडाचं पेमेंट! सूत रोखीने, कामगाराला आठवड्याला, विजेचं बिल महिन्याला, आणि व्यापारी देणार १२० दिवसांनी. सण मध्ये आला तर आणखी पंधरा दिवस.

वर्कशॉपवाला

हे खरं बोललात. माझी मोठी पार्टी १२० दिवसांवर आहे. पीओवर (खरेदी ऑर्डरवर) ४५ लिहितात. जीएसटी मात्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेला मी माझ्या खिशातून भरतो. नव्या मशीनचे पहिले चार हप्ते, म्हणजे २ लाख ६० हजार, एक रुपया न येता भरायचे. म्हणून म्हणतो, जुनं घ्या.

चाकण सप्लायर

पण आता आयकर कायद्यात ४३बी(एच) कलम आलंय ना? सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांत दिलं नाही तर ग्राहकाला त्या खर्चाची वजावट मिळत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवसच. शिवाय एमएसएमई कायद्याने रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, महिन्याला चक्रवाढ. तुम्ही मागतच नाही, मग रडता कशाला?

इचलकरंजीचा माग

मागून बघा एकदा! मार्च २०२४ मध्ये आमच्या एका व्यापाऱ्याने तोंडावर सांगितलं, उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून केलेली सरकारी नोंद) रद्द कर नाहीतर माल घेत नाही. मी नाही म्हटलं. सहा महिने त्याची ऑर्डर नाही. बारा माग उभे. ते तिप्पट व्याज पंचनाम्याला उपयोगी, पोटाला नाही.

चाकण सप्लायर

म्हणजे कायदा आहे तोही वापरायचा नाही. थकलेल्या बिलांच्या तक्रारीसाठी समाधान पोर्टल २०१७ लाच आलं. तुमच्यासारख्या घाबरट लोकांमुळे मोठ्यांची सवय सुटत नाही.

इचलकरंजीचा माग

घाबरट? माझ्याकडे १९ माणसं कामाला आहेत. त्यांच्या घरी चूल पेटते ती माझ्या घाबरण्यावर. तुम्ही केस घातली आहे का कधी कोणावर? हो किंवा नाही एवढंच सांगा.

चाकण सप्लायर

नाही.

(थोड्या वेळाने) शब्द मागे घेतो. माझ्याकडे एकच ग्राहक ७० टक्के काम देतो. मीही घातली नसती.

चिपळूणची सीए

कायद्याचं नीट सांगते, कारण अर्धवट वाचून लोक आशेवर बसलेत. ४३बी(एच) मध्ये वजावट जाते ती त्या आर्थिक वर्षापुरती. ज्या वर्षात पैसे दिले त्या वर्षात ती मिळते. एप्रिलचं बिल पार्टीने ३० मार्चला चुकतं केलं तर आयकरात तिचं काहीच जात नाही. म्हणजे या कलमाचा जोर फेब्रुवारी-मार्चात. बाकी वर्षभर १२० दिवस तसेच. मध्यम उद्योगाला ते लागू नाही, आणि विकणारा नुसता व्यापारी असेल तर त्यालाही नाही. दाद मागता येते ती सुविधा परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि पार्टीला कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. ही तरतूद दमदार आहे. पण तिथपर्यंत जाणारा माणूस ग्राहक गमावूनच जातो, हे मागवाले दादा सांगताहेत ते मी दहा जणांच्या बाबतीत पाहिलंय.

निवृत्त शाखाधिकारी

मोठमोठ्यांचंही हेच झालं. गुहागरचा दाभोळ वीज प्रकल्प घ्या. पहिला टप्पा ७४० मेगावॉटचा, १९९९ ला सुरू, २००१ ला बंद. कागदावर पुढच्या वीस वर्षांचे पैसे येणार होते, करारात सगळं बांधलेलं. घेणारं वीज मंडळ एकच, आणि त्याला ती वीज परवडेना. बिलं थकली आणि तिथेच सगळं अडलं. देणाऱ्याची ऐपत कुठल्याही डिस्काउंट रेटमध्ये (ताईंच्या १४ टक्क्यांसारख्या दरात) बसवता येत नाही.

वर्कशॉपवाला

मग मी पहिल्यापासून काय म्हणतोय? पुढच्या पैशावर विश्वास नाही!

चिपळूणची सीए

तुम्ही म्हणालात ‘हिशेब नको’. मी म्हणते उधारीही हिशेबात घाला. नव्या मशीनवर वर्षाला विक्री किती धरली होती?

वर्कशॉपवाला

जॉबवर्क महिना ३ लाख. वर्षाला ३६.

चिपळूणची सीए

१२० दिवस म्हणजे १२ लाख कायम बाहेर. ते मशीनच्या किमतीसारखेच सुरुवातीला गुंतले, आणि दहाव्या वर्षी परत येतील तेव्हा आजचे ३ लाख २४ हजार. एनपीव्ही १२ लाख १६ हजारांवरून ३ लाख ४० हजारांवर आला. तेच ४५ दिवसांनी पैसे मिळाले तर ८ लाख ८७ हजार. मशीन तेच, कामगार तोच, भाव तोच. फरक साडेपाच लाखांचा, आणि तो तुमच्या पार्टीच्या अकाउंट्स खात्यातल्या माणसाच्या हातात.

हे मी पहिल्या उत्तरात घालायला हवं होतं. १२ लाख म्हणून ठणकावून सांगितलं ते उधारी शून्य धरून. ‘पोसतंय’ म्हणाले, ते तेवढ्या जोरात म्हणायला नको होतं.

चाकण सप्लायर

विक्रीचे पूर्ण १२ लाख धरू नका. त्यात नफा आहे, आणि टूलवाल्याची उधारी आपणही ठेवतो. खरे अडकतात ते ८-९ लाख.

चिपळूणची सीए

बरोबर. मी कडक बाजूने धरलेत.

इचलकरंजीचा माग

टूलवालाही लघुउद्योगच आहे हो. त्याचे पैसे ठेवताना आपण कोण होतो?

वर्कशॉपवाला

माझे टूलवाले ६० दिवसांवर आहेत. खोटं कशाला बोलू.

ताई, एक कबूल करतो. जुन्या मशीनवरही काम त्याच पार्टीचं, उधारी तीच, आणि त्या ७५ हजारांतून ती काढली तर काही उरत नाही. हे मी कधी मांडलंच नव्हतं. तीन वर्षांत फिटलं असं मी म्हणायचो, पण ‘फिटलं’ म्हणजे बिल फाडलं तो दिवस धरायचो. पैसे आले तो दिवस नाही. नव्या मशीनसाठी डीलर मागे लागलाय, ॲडव्हान्स अजून दिलेलं नाही. पार्टीकडे सोमवारी जातोय. ४५ कोणी देणार नाही, पण ९० लेखी मागतो. ९० धरून किती येतो ते सांगा. आणि काम थोडं कमी धरून पण सांगा, २०१९ मी विसरलेलो नाही.

चिपळूणची सीए

९० दिवस, काम पूर्ण: ५ लाख ५९ हजार. ९० दिवस, काम २० टक्क्यांनी कमी आणि वर्षाला ८ लाखच सुटले: उणे साडेतीन लाख. कर्ज सात वर्षांचं मिळतंय का ते आधी विचारा, ॲडव्हान्स नंतर.

इचलकरंजीचा माग

९० लेखी देतील हो. पहिलं बिल १०० व्या दिवशी आलं की इथे सांगा.