स्विच लाइटवर '१९४२' गेम एवढंसं दिसतंय, मोठा कन्सोल घ्यावा का?

होटगीरोड_७७ :
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात सेकंडहँड स्विच लाइट (निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा छोटा कन्सोल) घेतला, नाव पोराचं, खेळायलोय मी. कॅपकॉम आर्केड स्टेडियम (कॅपकॉम कंपनीच्या जुन्या मशिनवरच्या गेमांचा संग्रह) टाकलं, त्यात '१९४३' हा विमानाचा गेम फुकट मिळालं म्हणून लगेच पहिला पॅक पण घेऊन टाकला, त्याच्या आधीच्या '१९४२' साठी. लहानपणी सोलापुरात संक्रांतीला गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) लागला की होम मैदानावर मी पाळण्याचे पैसे वाचवून विमानाच्या मशिनपाशी उभारायचो, एका कॉइनमध्ये दोन मिनिटं, मेलो की मग मागं उभारून दुसऱ्याचं बघत बसायचं. आता अडचण अशी झालीय की स्क्रीन मुळात साडेपाच इंची, त्यात गेम मधल्या पट्टीत, दोन्ही बाजूला नुसती नक्षी आणि शत्रूच्या गोळ्या म्हणजे राजगिरा. चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं, फरक शून्य. सात इंची स्क्रीनचा मोठा स्विच, ओएलईडी, घ्यावा का? घरात अजून विषय काढला नाही, काढला तर मीच बाहेर. का सेटिंगमध्ये काय असतंय?

नवीपेठ_निवांत :
सेटिंगमध्येच आहे की बे, पैसे कशाला घालवतोस. हे बघ, ह्या विमानाच्या मशिनांची पिक्चर ट्यूबच उभी बसवलेली असायची, विमान खालून वर जातंय म्हटल्यावर समोरचं लांबपर्यंत दिसायला नको का. तीच उभी चौकट तू आडव्या स्क्रीनवर बघायलास, म्हणजे स्क्रीनची जेवढी उंची तेवढाच गेम, बाकी जागा वाया. मी एकदा कागदावर हिशोब केलता. लाइट आडवा धरला तर गेमचं चित्र तिरकं मोजून साधारण ३.४ इंच पडतंय. डिस्प्ले ९० अंशात फिरवून लाइट उभा केला की ४.५ इंच. आणि तू म्हणतोस तो ओएलईडी आडवा धरला तर ४.३! म्हणजे तुझा लाइट उभा केला तरी नव्या ओएलईडीपेक्षा चित्र मोठं. (ओएलईडी पण उभा केला तर ५.७ पर्यंत जातंय, पण ते घरी सांगू नको.) ह्याला 'ताते' म्हणतात, जपानीत उभं. आणि डिस्प्लेमध्ये मशिनचं चित्र, नक्षी जे काय चालू असेल ते बंद कर आधी, त्यानं अजून बारीक दिसतंय.

होटगीरोड_७७ :
फिरवलं ओ, मस्त दिसतंय, पण बटणं पण फिरली की! एक हात वर एक हात खाली, पाव्यासारखं धरायलोय. लाइटचे कंट्रोलर निघत नाहीत ना.

नवीपेठ_निवांत :
हां, ते राहिलंच सांगायचं. मोठ्या स्विचचे जॉयकॉन (दोन्ही बाजूचे कंट्रोलर) निघतात, त्याला उभं धरायला फ्लिप ग्रिप म्हणून प्लॅस्टिकचा सांगाडा पण मिळतो. लाइटचं तसं नाही, पण लाइटला वायरलेस कंट्रोलर जोडता येतो. मोबाइलच्या स्टँडला उभा कर आणि कंट्रोलर हातात घे. चार्जिंगचं भोक लाइटला खालच्या कडेला असतंय, उभा केला की ते बाजूला येतं, मग खेळता खेळता चार्जिंग पण. आडवा टेबलवर ठेवला असता तर वायरच मधे आली असती.

पार्कचौक_पार्लर :
एवढी सर्कस कशाला म्हणतो मी. हँडहेल्ड म्हणजे गादीवर लोळत खेळायची वस्तू, स्टँड न् कंट्रोलर घेऊन बसायचं तर टीव्हीच बरा. आडवे शूटर (गोळीबाराचे आडव्या स्क्रीनचे गेम) खेळ की. तुझ्या पहिल्या पॅकमध्येच सेक्शन झेड आणि फरगॉटन वर्ल्ड्स आहेत, दोन्ही आडवे, स्क्रीन पाऊण तरी भरतंय. कोनामी कंपनीच्या २०१९ च्या कलेक्शनमध्ये ग्रेडियस आहे, १९८५ चा, हळूहळू पॉवर गोळा करायची आणि एकदा मेलास की सगळी गेली, नागवा उभा. रडू येतं पण सुटत नाही. फक्त डेरियसपासून लांब राहा, त्याची मशिन तीन स्क्रीन शेजारी शेजारी जोडून केलेली, लाइटवर ते म्हणजे पंख्याच्या पट्टीएवढं दिसतंय. तुझी आत्ताची तक्रार उलटी होईल.
आणि एक, रिवाइंड (गेम मागं न्यायची सोय) बंद ठेव. मेलं की मागं, मेलं की मागं, असं करून मी १९४३ एका रविवारी संपवला, आणि सोमवारी काहीच आठवेना.

होटगीरोड_७७ :
रिवाइंडला नाव ठेवू नका हो, १९४२ ला ३२ स्टेज आहेत आणि मोजणी पण उलटी, ३२ पासून खाली. गड्ड्यात मी ३० च्या खाली कधी उतरलो नव्हतो. गोळ्यांतून निसटायची कोलांटी पण मोजूनच मिळते, ती तर मी पहिल्याच मिनिटात संपवायचो.

कडकभाकरी :
मधेच विचारतो, ह्यात मुस्तफा आहे का?

पार्कचौक_पार्लर :
आलाच का मुस्तफा 😂 नाही बाबा. मुस्तफा म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, तो कॅपकॉमचाच, १९९३ चा, पण तो दुसऱ्याच्या कॉमिक्सवर बेतलेला, लायसनचं झेंगट. ह्या स्टेडियमच्या ३२ गेममध्ये तो नाही. तसली हाणामारी पाहिजे तर दुसऱ्या पॅकमध्ये फायनल फाइट घे, कॅप्टन कमांडो घे.

होटगीरोड_७७ :
अपडेट देतो. शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेलो, डब्यातल्या फोल्डिंग टेबलवर लाइट उभा करून बघितला. स्टँड घरीच विसरलो म्हणून बहिणीसाठी नेलेल्या शेंगा चटणीच्या डब्याला टेकवला, पोराचा कंट्रोलर हातात. गोळ्या दिसायल्यात ओ! कुर्डुवाडीपर्यंत रिवाइंड न करता २६ व्या स्टेजला पोचलो. शेजारचे काका आधी पेपर वाचत होते, मग पेपर खाली ठेवून "डावीकडनं येतोय, डावीकडनं" चालू केलं त्यांनी. दौंडच्या पुढं कंट्रोलर त्यांच्याकडं गेला तो पुणे स्टेशनपर्यंत परत आला नाही. मी मागं उभारून बघत बसलो.
डबा चालतोय, पण पाव किलोचा सरकतोय, अर्ध्याचा घ्या.