इंग्लंडातल्या शेतांच्या लाटा: मेंढ्या की नांगर?

लेस्टरकर: काल इथे एकाने लेस्टरजवळच्या लाटा-लाटांच्या कुरणाचा फोटो टाकून 'मेंढ्यांच्या वाटा' असं ठोकून दिलं. अहो, मेंढ्या इतक्या शिस्तीत कधी चालल्या? या मध्ययुगीन शेतपट्ट्या आहेत. आठबैली नांगर, माती एकाच बाजूला टाकणारा. पट्ट्याभोवती फेऱ्या मारून शेकडो वर्षांत माती मधोमध चढली. एवढं लांब औत वळवायचं तर टोक यायच्या आधीच कलावं लागतं, म्हणून पट्टा उलट्या 'एस'सारखा वाकतो. आमच्या घरामागे डिसेंबरात तीन वाजता ऊन तिरपं झालं की सगळं कुरण पन्हाळी पत्र्यासारखं दिसतं.

काळीमाती: फोटो माझाच. मेंढ्या मागे घेतो. पण हे निचऱ्याचे वरंबे आहेत. चिकण जमिनीत कुणीही करेल. 'मध्ययुगीन' म्हटलं की भाव वाढतो, एवढंच.

लेस्टरकर: निचरा होतोच, नाही कोण म्हणतंय? सरळ, अरुंद वरंबे असते तर १९व्या शतकातले म्हटले असते. तुमच्याच फोटोत नीट बघा, कुंपण पट्ट्यांना आडवं कापून गेलंय, म्हणजे पट्टे कुंपणाच्या आधीचे. तेव्हा गावची शिवारं मोकळी, बिनकुंपणाची; एकेकाचे पट्टे त्यांत विखुरलेले. १८व्या-१९व्या शतकात पार्लमेंटने कायदे करून शिवारं वाटून कुंपणात घातली. बऱ्याच ठिकाणी नांगर थांबला, गवत आलं, म्हणून लाटा टिकल्या.

धुरेकरी: एकाचे पट्टे तीन शिवारांत विखुरलेले, म्हणजे तुकडेच की! आणि आपल्याला १९४७चा तुकडेबंदी कायदा. बांधाचं दुःख आम्हाला विचारा. चुलत्यांनी दरसाल एकेक तास (नांगराची चरी) करत बांध कोरला. पंधरा वर्षांनी बांधावरची बाभळ त्यांच्या वावरात उभी. म्हणे, झाड सरकलं!

काळीमाती: तुकडेबंदीचा आणि बांध कोरण्याचा संबंध काय?

धुरेकरी: ज्याचा बांध गेला त्याला कळतो.

सातबारा: संबंध हवाय? एकर घ्या. २२ वार रुंद, २२० वार लांब, त्या पट्ट्याचंच माप. फर्लांग म्हणजे मुळात तासाची लांबी. तोच एकर ४० गुंठे होऊन आपल्या उताऱ्यावर बसलाय. मोजणीवाला मात्र तारीख देत नाही. माझा अर्ज दोन वर्षं...

काळीमाती: झालं! आता मोजणी. बरं बाबा, नांगराचे तर नांगराचे. खूश?

लेस्टरकर: धुरेकरी, नॉटिंगहॅमशायरात लॅक्स्टन गाव आहे. तिथे अजून तीन मोकळी शिवारं आहेत. हिवाळ्याच्या तोंडाशी गावचे पंच हद्दी बघत फिरतात, पुढे नांगरलं की दंड.

धुरेकरी: पंच आमच्याकडेही होते. चुलतेच.