मदत हवी आहे: मोहोरावरची फवारणी आणि सातेरी मधमाश्यांच्या पेट्या

देवगडजवळ आंब्याच्या बागेत सातेरीच्या ४ पेट्या आहेत, सध्या मोहोर फुललाय आणि शेजारच्या बागेत तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारलं, तेव्हापासून बाहेर गेलेल्या कामकरी माश्या परतच येत नाहीयेत, पेटीसमोर मेलेल्या फार नाहीत, पण ज्या येतात त्या दाराशी थरथरत गोल गोल फिरतात. हे औषध मज्जासंस्थेवर जातं, थोडं पोटात गेलं तरी माशी वाट चुकते एवढं माहितीय (युरोपात २०१८ ला उघड्या शेतात बंदी आली ती मधमाश्यांपायीच).

राणी आहे, अंडी दिसतायत, मेणकिडा नाही. साखरपाणी ठेवलंय. दाराला जाळी लावून बघितली पण दुपारच्या उकाड्यात आत गलका झाला म्हणून काढली. पेट्या लांब न्यायला जागा नाही. शेजारचे काका समजूतदार आहेत, संध्याकाळी मारायला तयार आहेत, पण फवारूच नका कसं सांगणार, वर्षाचं पीक आहे त्यांचं.

पण हे औषध झाडात भिनणारं, मग मोहोराच्या मधात-परागात उतरणारच ना, नुसती वेळ बदलून कितपत फरक पडेल? आणि ऐन फुलोऱ्यात तुडतुड्यांवर चालेल पण माश्यांना कमी घातक असं काही कोकणात कोणी वापरलंय का?