रग्बीतला 'ट्राय' आणि जर्मनचा 'फेर्झूख': भाषांतर अर्धवट राहिलंय का?

नेकरकाठ: हायडेलबर्गला आल्यापासून रग्बी बघतेय आणि एक गोष्ट सतत खटकते. गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला की इंग्रजीत 'ट्राय', जर्मनमध्ये 'फेर्झूख'. दोन्हींचा अर्थ प्रयत्न. पाच गुण पदरात पडले, मग प्रयत्न कसला? तर पूर्वी चेंडू टेकवल्याचे गुणच नव्हते. खांबांमधून किक मारून बघायचा हक्क तेवढा मिळायचा. १८७१ मध्ये एडिनबरोत स्कॉटलंड-इंग्लंड पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तोही गोलांवरच ठरायचा होता. किक बसली की ट्रायचा गोल होई, म्हणून 'कन्व्हर्जन', रूपांतर. हे दोन शब्द जोडीनेच जगतात. जर्मनने पहिला जसाच्या तसा उचलला आणि दुसऱ्याला 'एरहोउंग' म्हटलं, म्हणजे नुसती वाढ. जोडी फोडलीच ना?

जुना फॉरवर्ड: साफ असहमत. तुम्ही दीडशे वर्षांपूर्वीच्या खेळाचं भाषांतर मागताय. १९७१ मध्ये ट्रायचे तिनाचे चार गुण झाले, १९९२ मध्ये पाच. किकचे दोन. किक हुकली तरी ते पाच कुठे जात नाहीत, मग रूपांतर कशाचं? पाचाचे सात होतात, ही वाढच आहे. जर्मन शब्द आजच्या खेळाशी प्रामाणिक आहे.

शब्दवेडी: क्रियापद कुणीच बघत नाही! इंग्रज ट्राय 'स्कोर' करतो, जर्मन फेर्झूख 'लेगेन' करतो, म्हणजे ठेवतो. विंगर, म्हणजे कडेने पळणारा खेळाडू, कोपऱ्यात झेपावतो, एका हाताने चेंडू गवतावर दाबतो, रेफरी वाकून बघतो. दाबण्याआधी हातातून निसटला तर काहीच नाही. तो सगळा नियम 'ठेवणे'त आहे, 'स्कोर'मध्ये नाही. माझी तक्रार वेगळी आहे. अमेरिकन फुटबॉलमधल्या 'डाउन'लाही, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या एकेका संधीलाही, जर्मन फेर्झूखच म्हणतात. चौथा फेर्झूख म्हणजे तिथे शेवटची संधी, गुण नव्हेत. दोन्ही खेळ बघणाऱ्या नवख्याने काय समजायचं?

नेकरकाठ: 'लेगेन' एकदम मान्य, माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण फॉरवर्ड, शब्दाने आजचाच खेळ सांगावा म्हणता, तर अफ्रिकान्स बघा. तिथे ट्रायला 'द्री' म्हणतात, म्हणजे तीन! गुण पाच झाले तरी दक्षिण आफ्रिकेत 'द्री'च चालतो. आणि वाटेत कुणी नसलेला खेळाडूसुद्धा रेषा ओलांडल्यावर लगेच चेंडू टेकवत नाही, आत वळून खांबांच्या दिशेने पळतो. कारण जिथे टेकवला, त्याच्याच समोरून किक मारावी लागते. किकसाठी जागा कमावणं अजून चालूच आहे. 'वाढ' म्हटल्यावर हे नातं दिसतं का?

जुना फॉरवर्ड: तो पळतो ते दोन जादा गुण सोपे व्हावेत म्हणून. मी स्वतः तसा पळालोय. तेव्हा डोक्यात इतकंच असतं, की पाच तर आलेच, आता सात करायचे.