टीव्हीटीतून बरी झालेली चिंगी: घर शोधताना आजार सांगायचा की नाही?

साताऱ्याची मंजू
नमस्कार मंडळी. चिंगी आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायची. गावठी कुत्री, बिस्किटी रंग, कानांची टोकं काळी, वय डॉक्टरांच्या अंदाजाने तीनेक वर्षं. जूनमध्ये तिच्या मागून रक्त ठिबकायला लागलं. माजावर आली असेल असं सगळ्यांनी धरलं, पण रक्त थांबेना. दवाखान्यात नेलं तर आत फुलकोबीसारखी गाठ. टीव्हीटी, म्हणजे कुत्र्यांत एकाकडून दुसऱ्याला लागणारी कॅन्सरची गाठ.

दर आठवड्याला व्हिनक्रिस्टीन हे केमोचं इंजेक्शन, त्याआधी प्रत्येक वेळी रक्ततपासणी. दुसऱ्या इंजेक्शननंतर रक्त थांबलं, पाचव्यानंतर गाठच दिसेना. मग अंगात ताकद आल्यावर नसबंदी आणि रेबीजची लस. आता ती आमच्या जिन्याखाली असते. केस पुन्हा चमकायला लागलेत. वाड्यातली पोरं शाळेतून आली की प्रत्येकाचं दप्तर हुंगते, मगच वाट सोडते.

सासूबाईंना दमा आहे, म्हणून कायमची ठेवता येत नाही. परत रस्त्यावर सोडायला मन धजत नाही. लोक येतात, तिला बघून खूश होतात, आणि 'ट्यूमर', 'केमो' ऐकलं की नंतर फोन उचलत नाहीत. ओळखीचे म्हणतात, बरी झालीये ना, मग बोलूच नका. मला ते पटत नाही. पण सांगून घर मिळत नाही हेही खरं. तुम्ही काय करता?

विनय, डोंबिवली
मंजूताई, सांगायचंच. कितीतरी कुत्री घरांना लावून दिली, पण आजार झाकून एकही नाही. उद्या काही महिन्यांनी थेंबभर रक्त दिसलं, तर ज्यांना माहीत आहे ते त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेतील. ज्यांना माहीत नाही ते तुमच्याकडे सगळ्यांनी धरलं तसंच धरतील, माजावर आली म्हणून. नसबंदी झालेली कुत्री माजावर येत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसतं.

मात्र फोनवर सांगू नका. आधी भेटायला बोलवा, तिला त्यांच्या पायाशी बसू द्या, मग फाइल समोर ठेवा: रक्ताचे रिपोर्ट, इंजेक्शनच्या तारखा, नसबंदीचा कागद, लसीचं कार्ड. 'कॅन्सर होता' एवढंच बोलून थांबलात तर लोकांच्या डोळ्यासमोर माणसाचा कॅन्सर येतो.

आणि तुम्हीही त्यांचं घर बघून या. गच्चीला कठडा आहे का, घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारलंय का. सोसायटी 'कुत्रं चालणार नाही' म्हणाली तर प्राणी कल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वं दाखवायला सांगा. बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही.

पशुवैद्यक, लातूर
आजाराबद्दल थोडं, कारण भीती तिथेच आहे. टीव्हीटीत गाठीच्या जिवंत पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात, मुख्यतः समागमातून, कधी चाटण्या-हुंगण्यातून. म्हणून ती कधीकधी नाकातही होते. चिंगीच्या गाठीतल्या पेशी तिच्या स्वतःच्या नव्हत्याच. काही हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एकाच कुत्र्याच्या त्या पेशी आजवर जगभर फिरत आल्या आहेत.

माणसाला ती होत नाही, लहान मुलांनाही नाही. शरीरात इतरत्र पसरणं क्वचित. व्हिनक्रिस्टीनला बहुतेक कुत्री उत्तम प्रतिसाद देतात, आणि पूर्ण बरी झाल्यावर ती उलटणंही क्वचितच. नव्या घरात पहिले काही महिने मागच्या बाजूला आणि नाकाला रक्त येतंय का एवढं बघत राहावं.

मंजूताई, तुमच्या डॉक्टरांकडून 'उपचार पूर्ण, गाठ नाही' असं लेटरहेडवर लिहून घ्या. पाहुण्यांना तुमच्या शब्दापेक्षा त्या कागदाचा आधार वाटेल.

सुनंदा, नाशिक
आमचा कुत्रा, काळ्या, नाकाच्या टीव्हीटीतून उठलेला आहे. घेताना ह्यांनी एकच विचारलं, नातवंडं त्याच्याजवळ लोळतात, चालेल का? ज्यांनी त्याला सांभाळलं होतं त्यांनी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावून दिला आणि ह्यांचं समाधान झालं. डॉक्टर तयार असतील तर तुम्हीही असंच करा. आणि तरुण जोडप्यांच्याच मागे लागू नका हो. आमच्यासारखी निवृत्त माणसं दिवसभर घरी असतात आणि शांत, मोठं कुत्रंच शोधत असतात. पिल्लामागे धावणं आम्हाला जमत नाही.

साताऱ्याची मंजू
सगळ्यांचे मनापासून आभार. सुनंदाताई, निवृत्तांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इथल्या ज्येष्ठ नागरिक संघात उद्याच विचारते. डॉक्टर पत्र द्यायला तयार आहेत. जाहिरातीचा मजकूर असा केलाय, काही राहिलं असेल तर सांगा:

"चिंगी, मादी, सुमारे तीन वर्षं. नसबंदी व लसीकरण झालेलं. माणसांत रमते, मांजरांवर भुंकते. टीव्हीटीचे उपचार पूर्ण, माणसांना धोका नाही, सर्व कागद दाखवू, डॉक्टरांशी बोलणं करून देऊ. सातारा, कराड, पुणे भागात घरी आणून सोडू. आधी घर पाहू. काही कारणाने ठेवता आलं नाही तर केव्हाही परत घेऊ."