पाळी जाताना: तुम्ही नोंद कशी ठेवता?

माळ्यावरची: दसऱ्याच्या आवराआवरीत आईची जुनी कालनिर्णयं सापडली, सुतळीनं बांधलेली. गॅस कधी लावला, भिशी कुणाला लागली, आणि मधेमधे बारीक लाल फुल्या. वाटलं दुधाचे खाडे. मग अंतर मोजलं. २८, २७, २९... ९४ साली एकदम ४५, १९, ७०. ९६ ला एकच फुली, मार्चात. तेव्हाच आई फ्रीज उघडून नुसती उभी राहायची आणि आम्ही फिदीफिदी हसायचो. मी आता ४८. तुमचं कसं चाललंय?

पुदिना: वही. नुसती तारीख नाही, पॅड किती तेही. एकदा तासाला एक लागत होतं, सुपारीएवढ्या गाठी. गायनॅकनी वही चाळली आणि लगेच सोनोग्राफी, रक्त. हिमोग्लोबिन ७.८! आणि मी आपली 'वय झालं' म्हणत जिन्यात धापा टाकत होते.

सोऱ्या: बापरे. माझं पण लिहायचंय, कुकर उतरवून येते.

खिडकीतली: माझं अ‍ॅप रोज विचारतं, '४१ दिवस उशीर, गोड बातमी?' वय ५१ टाकलंय रे मेल्या! नवरा म्हणतो पेढे सांगू का.

माळ्यावरची: 😂😂

कोकणकन्या: माझे ११ महिने कोरडे गेले. बाराव्यात, ऐन गणपतीत, मोदक वळताना आली. परत शून्यापासून मोजणी. सासूबाईंना हळूच सांगितलं तर म्हणाल्या, "असू दे गं, कळ्या नीट पाड."

पुदिना: सासूबाईंना नमस्कार सांग 🙏 पण हो, सलग १२ महिने झाले तरच गेली म्हणायची. नंतर नुसता डाग दिसला तरी दाखवायचं. आमच्या जाऊबाई 'तरुण झाले परत' म्हणत चार महिने बसल्या. पॉलिप, म्हणजे आत वाढलेला छोटा कोंब, निघाला, सुटल्या.

निशाचर: माझी पाळी शहाणी, झोप वेडी. वहीत सारखं 'रात्री ३, घाम, गाऊन बदलला'. डॉक्टरांनी थायरॉईडही बघून घेतलं. आता पंख्यावरून घरात युद्ध. नवरा पांघरूण घेऊन हॉलमध्ये.

खिडकीतली: माळ्यावरची, ९४ च्या पानांमागे पाककृती असेल तर फोटो टाक ना.

माळ्यावरची: टाकते. मार्चचं पान तेलकट झालंय, पण वाचता येतं.

सोऱ्या: आले. काय लिहिणार होते तेच विसरले. हेही नोंदीत घालायचं का गं?